सात रस्ता, सात उद्गार: मराठी ख्रिस्ती गीताचे वर्ष

सोलापूरच्या सात रस्त्यावर रविवारी सकाळी थोडा वेळ थांबले, की काखेत जाडसर पुस्तक घेऊन उपासनेस निघालेली कुटुंबे दिसतात. पुस्तक बायबल असते, आणि पुष्कळदा त्याच्या जोडीला दुसरे एक असते. त्याचे नाव ‘उपासना संगीत’. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्या पिढ्यान्‌पिढ्या ज्यातून गात आल्या तो हा संग्रह. मराठी कवितेचे पुस्तक इतक्या नेमाने, इतक्या घरांतून बाहेर पडते आणि इतक्या कंठांतून उमटते, असे भाग्य आमच्या किती नामवंत कवींना लाभले आहे? तरीही मराठी वाङ्मयेतिहासाच्या पानांवर ह्या पुस्तकाला जागा मिळते ती एखाद्या ओळीची. ‘मिशनरी वाङ्मय’ नावाच्या प्रकरणात शब्दकोश, व्याकरणे आणि पाठ्यपुस्तके ह्यांच्या मागे त्याला उभे केले जाते. रेव्हरंड टिळक म्हटले की ‘केवढे हे क्रौर्य’ आठवते, कारण ती कविता पिढ्यांनी शाळेत वाचली. त्यांची गीते ज्या लोकांनी आयुष्यभर गायिली, त्यांची स्मृती मात्र आमच्या अभ्यासक्रमात आलीच नाही.

ह्या गीतांविषयी एक साधा समज रूढ आहे. परदेशी मिशनऱ्यांनी आपल्याबरोबर आपली स्तोत्रे आणि आपले सण आणले, त्यांची मराठी भाषांतरे झाली आणि पुढे काही प्रतिभावान कवींनी त्यांत स्वतःची भर घातली, असा तो समज. आम्हीही बराच काळ तो धरून होतो. परंतु जुळणी करू जाता एक गोष्ट अडली. मराठी मुलखात ज्या दोन मिशनांनी प्रॉटेस्टंट गीताचा पाया घातला, त्यांच्याजवळ देण्यासारखे स्तोत्र होते, सण मात्र नव्हते.

हे जरा उलगडून सांगावयास हवे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईस उतरले. 1831 साली अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे त्या मिशनचे मोठे ठाणे झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापूर. मिशन न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल मंडळ्यांचे, म्हणजे प्युरिटन वारशाचे. प्युरिटनांच्या मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 साली नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड करण्याचा कायदा झाला होता. तो 1681 साली रद्द झाला खरा, पण नाताळला तेथे सरकारी सुट्टी मिळावयास 1856 साल उजाडले. हॉल आणि नॉट मुंबईस आले त्या वेळी त्यांच्या मायदेशी बहुसंख्य मंडळ्यांना 25 डिसेंबर हा इतर दिवसांसारखाच एक कामाचा दिवस होता. मुंबई-पुण्याकडील दुसरे महत्त्वाचे मिशन स्कॉटिश. तेथेही हीच कथा, किंबहुना अधिक कडक. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली ती 1958 साली. ह्या लोकांच्या धर्मजीवनाचे माप वर्ष हे नव्हतेच, आठवडा हे होते. प्रभूचा दिवस पवित्र, बाकीचे सण मनुष्यांनी रचलेले.

त्यांच्या गाण्याचे स्वरूपही ह्याला साजेसे होते. न्यू इंग्लंडमध्ये 1640 साली छापलेले ‘बे साम बुक’ आणि स्कॉटलंडची 1650 ची स्तोत्रावली ही दोन्ही बायबलातील दीडशे स्तोत्रांची वृत्तबद्ध रूपांतरे. देवाने दिलेली स्तोत्रे हाताशी असता मनुष्याने नवी कशाला रचावी, हा त्यामागचा आग्रह. स्तोत्राला ऋतू नसतो. ते कोणत्याही रविवारी गाता येते. पुढे आयझॅक वॉट्स ह्याने 1719 साली स्तोत्रांची मोकळी, ख्रिस्तपर रूपांतरे केली आणि ही कोंडी फुटली. आज जगभर नाताळात गायिले जाणारे ‘जॉय टू द वर्ल्ड’ त्याच पुस्तकातले. मुळात ते अठ्ठ्याण्णवाव्या स्तोत्राचे रूपांतर आहे, नाताळसाठी ते लिहिलेच नव्हते. लोकांनी ते गाता गाता डिसेंबरात नेऊन बसविले. स्तोत्राला सण मिळतो तो असा, वापराने.

मग मराठी मंडळ्यांना त्यांचे वर्ष कोणी दिले? पहिला पुरावा शब्दाचा आहे, आणि तो आमच्या जिभेवर रोज असतो. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज आहे. इंग्रजी बोलणाऱ्या मिशनऱ्यांनी तो दिला नाही. तो गोव्यातून आणि वसईकडून आला. सण न पाळणाऱ्या मिशनच्या मराठी मंडळीने सणाचे नाव शेजारच्या कॅथलिकांकडून घेतले, आणि नावाबरोबर आणखीही काही घेतले असावे असे आम्हांस वाटते.

गोमंतकातील ख्रिस्ती काव्याची परंपरा ह्या मिशनांहून दोनशे वर्षांनी जुनी. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यास आला आणि 1616 साली राचोल येथे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्या, पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात येशूचे चरित्र. जुनी पुराणे सुटली, आता नव्या ख्रिस्ती लोकांनी वाचावे काय, ह्या प्रश्नाला दिलेले ते उत्तर होते. रविवारी आणि सणाच्या दिवशी ते चर्चमधून वाचले जाई. 1684 साली पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेविरुद्ध फर्मान काढले आणि त्या परंपरेचा श्वास कोंडला. स्टीफन्सचे नाव वर्गात घेतले जाते ते मराठी भाषेच्या त्याने केलेल्या गौरवासाठी. ते योग्यच. पण त्याचे पुराण ठरावीक दिवशी मोठ्याने म्हणावयाचे होते, ही गोष्ट शिकविताना सुटून जाते. वसई-मुंबईकडे हे अधिक स्पष्ट दिसते. फ्रान्सिस्कू वाझ द गिमराइश ह्याचे येशूच्या दुःखसहनावरील ओवीबद्ध पुराण 1659 साली लिस्बन येथे छापले गेले. भाषा उत्तर कोकणातली, आणि ते म्हणण्याचा काळ ईस्टरपूर्वीच्या उपवासाचा. एक ग्रंथ, एक ऋतू.

देशावरच्या वाचकाला ह्यात नवल वाटू नये. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याजवळचे नाझरे हे श्रीधरस्वामींचे गाव. त्यांचे ‘हरिविजय’ 1702 चे, ‘शिवलीलामृत’ 1718 चे. शिवलीलामृत महाशिवरात्रीला वाचावे, हरिविजय अमुक महिन्यात लावावे, हे कोणा धर्मसभेने ठरविले नाही. ओवीबद्ध कथाग्रंथ आपल्याबरोबर आपला दिवस घेऊन येतो. ज्याची कथा सांगावयाची, त्याच्या जन्माचा आणि मृत्यूचा दिवस पाळल्यावाचून ती कथा पुरी सांगितल्यासारखी वाटत नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे: प्युरिटनांनी मराठी माणसास वर्ष नसलेले स्तोत्र दिले, आणि मराठी माणसाने ते कथेत घातले. कथेत शिरताच त्याला वर्ष मिळाले.

ही गोष्ट घडली ती मुख्यतः कीर्तनातून. अमेरिकन मिशनच्या मंडळीत ख्रिस्ती कीर्तन रुजविणाऱ्यांत कृष्णराव रत्नाजी सांगळे (1834–1908) हे नाव अग्रभागी येते. त्यांचे एक समर्पणगीत इंग्रजीत रूपांतरित होऊन परदेशी स्तोत्रसंग्रहांतही पोचले आहे, आणि तेथे त्याच्या चालीला ‘तन मन धन’ हेच मराठी नाव राहिले आहे. स्वतःच्या गावात अनोळखी आणि परगावी नावाजलेले असे हे उदाहरण. असो. सोलापूरला कीर्तन शिकविण्याची गरज नव्हती. लावणीबरोबरच कीर्तनही गाजविणारा राम जोशी ह्याच गावचा, अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले त्याच्या थोडेच आधीपर्यंतचा. कन्नड मातृभाषेच्या शुभराय महाराजांची मराठी पदे येथल्या मठात म्हटली जात. साकी, दिंडी, आर्या, अंजनीगीत ही येथल्या कानांना परकी नव्हती.

कीर्तनाला निमित्त लागते. रामनवमीचे कीर्तन माध्यान्ही जन्मापाशी येऊन थांबते, गोकुळाष्टमीचे मध्यरात्री. जन्म झाला की गुलाल उधळतो आणि पाळणा म्हणतात. ही घडण ज्यांच्या हाडीमांसी मुरली आहे, त्यांनी येशूजन्माची कथा उत्तररंगात घेतली, तर त्यांना ती कोणत्याही रविवारी सांगून कशी चालेल? जन्माचा दिवस हवा, रात्र हवी आणि शेवटी पाळणा हवा. ख्रिस्तजन्माचा पाळणा हा प्रकार मराठीत सहजी उभा राहिला, त्याचे कारण हे. इंग्रजी कॅरलचे भाषांतर आणि मराठी पाळणा ह्यांत फरक असा, की कॅरल दूरच्या देशातली बातमी सांगते, आणि पाळणा म्हणणारी बाई दोरी हातात धरून उभी असते.

ईस्टरचे असेच. पहाटे, पुष्कळ ठिकाणी दफनभूमीत जमून, पुनरुत्थानाची उपासना करावयाची. ही प्रथा बाहेरून आली हे खरे. पण पहाटेच्या गाण्याला मराठीत भूपाळीचे घर आधीच बांधलेले होते, आणि एप्रिलमधल्या सोलापुरात पहाटे उरकण्याची सोय तर कोणालाही पटावी.

ऋतूंचा विषय निघाला आहे तर थोडे तेथेच रेंगाळू. उत्तर गोलार्धातील थंड देशांत ह्या वर्षाची जी प्रतिमासृष्टी तयार झाली, ती सोलापुरात जागोजागी उलटी पडते. तेथे नाताळ हा काळोखाचा आणि बर्फाचा. येथे मार्गशीर्ष-पौषाचा, हुरड्याचा, वर्षातल्या सर्वांत सुखाच्या हवेचा. नाताळ संपून तीन आठवडे होत नाहीत तोच सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा येते आणि सात रस्त्यावरची गर्दी पुन्हा वाढते. तेथे सुगीचे उपकारस्तवन सप्टेंबर-ऑक्टोबरात. येथे त्या वेळी रब्बी ज्वारीची पेरणी चाललेली असते. मालदांडीची कणसे कापणीस येतात ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे नेमकी उपवासकाळात. ज्या आठवड्यांत पश्चिमेकडचे गीत रितेपणा, त्याग आणि राख ह्यांविषयी बोलते, त्या आठवड्यांत सोलापूर जिल्ह्यातला शेतकरी खळ्यावर असतो. भरल्या खळ्यावरचा उपवास आणि रिकाम्या घरातला उपवास ह्यांचा अर्थ एक नव्हे. भाषांतरित गीत हा फरक ओलांडू शकत नाही. त्यासाठी येथल्या मातीतला कवी लागतो.

ईस्टरच्या तारखेतही एक गंमत आहे. विषुवानंतरच्या पौर्णिमेपुढचा रविवार हे त्याचे गणित. त्यामुळे तो 22 मार्च ते 25 एप्रिल ह्यांच्या दरम्यान कोठेही पडतो, आणि पुष्कळदा आपल्या चैत्री पौर्णिमेच्या शेजारी येऊन बसतो. 2023 साली 6 एप्रिलला हनुमान जयंती झाली आणि दुसऱ्याच दिवशी उत्तम शुक्रवार आला. चंद्र पाहून सण ठरविण्याची सवय दोन्हीकडे आहे. सोलापूरच्या मराठी ख्रिस्ती माणसाला ईस्टर ‘हलतो’ ह्याचे आश्चर्य कधी वाटले नसावे, कारण त्याच्या आजूबाजूचे सारेच सण हलतात. न हलणारा नाताळच खरा चमत्कारिक.

आता गाण्याच्या अंगाकडे येऊ, कारण विद्यार्थ्यांना येथे हाती लागण्यासारखे बरेच आहे. इंग्रजी स्तोत्रगीताचे सर्वांत रूढ माप आठ-सहा-आठ-सहा अवयवांचे. त्याचा डोलारा आघातावर उभा असतो, एक हलका आणि एक जड. मराठीत आघाताला असे सामर्थ्य नाही. येथे अक्षरे मोजतात किंवा मात्रा. पाश्चात्त्य चालीवर मराठी शब्द बसविताना जी ओढाताण होते ती ह्यामुळे. ‘प्रभू’ हा शब्द नशीबवान. पहिले अक्षर ऱ्हस्व, दुसरे दीर्घ, म्हणून तो हलक्या-जड ठेक्यात आपोआप बसतो. पण ‘जगत’ घ्या. बोलताना त्याचे दोन अवयव, अभंगात म्हणताना तीन. चालीने कोणते धरावे? जुन्या भाषांतरित गीतांत शब्दाच्या अंत्य ‘अ’वर सूर ताणला गेला की कान दचकतो, तो ह्याच पेचामुळे. अभंगात हा प्रश्नच उठत नाही, कारण तेथे प्रत्येक अक्षर पुरे उच्चारले जाते आणि टाळ त्याला सांभाळून घेतो.

ह्याहून महत्त्वाची एक जवळीक आहे. हिब्रू स्तोत्राला यमक नसते, त्याचा कणा पुनरुक्तीचा. पहिल्या अर्ध्यात एक गोष्ट म्हणावयाची, दुसऱ्या अर्ध्यात तीच थोड्या वेगळ्या शब्दांत. आठ-आठ अक्षरांच्या दोन चरणांचा लहान अभंग ह्या हालचालीसाठीच केला आहे की काय, असे वाटते. आठ-सहाच्या विषम ओळींत ती हालचाल कोंबावी लागते. अभंगात ती नुसती ठेवली की राहते. निकोल मॅक्निकल ह्या स्कॉटिश मिशनऱ्याला हे नाते दुसऱ्या बाजूने दिसले असावे. त्याने 1919 साली संतांच्या एकशे आठ अभंगांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, आणि ग्रंथाच्या नावात अभंगांना शब्द योजला तो दाविदाच्या स्तोत्रांचाच. ज्याच्या पूर्वजांनी स्तोत्राखेरीज दुसरे काही गाण्यास मनाई केली होती, त्याने तुकोबाला त्या पंक्तीत बसविले. ह्याच मॅक्निकलने टिळकांच्या एका गीताचे इंग्रजी केले आणि तेही पुढे इंग्रजी स्तोत्रसंग्रहांत गेले.

नारायण वामन टिळक (1861–1919) ह्यांच्याविषयी येथे थोडक्यात लिहितो. त्यांच्यावर लिहिले गेले आहे, तितके इतरांवर नाही. 1895 साली बाप्तिस्मा, 1904 साली दीक्षा, 1912 पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, ह्या अर्थाचे त्यांचे उद्गार सर्वश्रुत आहेत. ‘अभंगांजली’तून त्यांनी ख्रिस्ताला माउली केले. संग्रहात मुरलेल्या त्यांच्या गीतांचा वाटा इतका मोठा, की मराठी ख्रिस्ती उपासना त्यांच्या शब्दांवाचून कल्पिता येत नाही. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही आसन होते. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत बोलके काम अपुरे राहिलेले आहे. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र त्यांनी आरंभिले आणि दहाएक अध्यायांवर त्यांचे देहावसान झाले. लक्ष्मीबाईंनी ते पुढे चालविले. 1936 साली त्याही गेल्या, शेवटचा अध्याय त्यांचे पुत्र देवदत्त ह्यांनी लिहिला आणि 1938 साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणारे सहस्र, ‘ख्रिस्तायन’ वाचणारे मोजके. पण लक्ष्मीबाई स्वतःला कोणत्या कामासाठी राखून ठेवीत होत्या, हे ह्या ओव्यांच्या राशीकडे पाहिले की कळते. अपुरा ग्रंथ घरातल्या माणसाने पुरा करावयाचा, ही पोथीची रीत आहे.

इथवरची कथा समाधानाची आहे, आणि म्हणूनच आम्हांस ती पुरती पटत नाही. अभंग मिळाला, कीर्तन मिळाले, सण मिळाले. पण कोणता अभंग मिळाला?

अहमदनगर-सोलापूर भागातल्या मंडळ्या मोठ्या संख्येने महार आणि मांग समाजांतून उभ्या राहिल्या. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी ह्या जिल्ह्यांची दैना केली, आणि मिशनच्या आश्रयाला आलेल्या अनाथ मुलांनी अक्षरांबरोबर गीते पाठ केली. त्यांच्या तोंडी आलेल्या गीतांची भाषा पुष्कळ अंशी शिकलेल्या, संस्कृतात वाढलेल्या कवींची होती. तिची गोडी आम्ही नाकारीत नाही. पण तिचा प्रधान भाव अनुतापाचा आणि शरणागतीचा: मी पतित, तू पावन. आता हे गाणाऱ्यांचे स्थान पाहा. गावाने ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पतित म्हटले, त्यांच्याच मुखी पुन्हा ‘मी पतित’. कवीच्या लेखी तो आत्म्याचा विनय आहे. गाणाऱ्याच्या कानी तो कदाचित गावकुसाचा प्रतिध्वनी असेल. ह्या दोहोंतला फरक छापील पानावर दिसत नाही.

आणि ह्याच जिल्ह्यात दुसरा अभंग होता. चोखामेळा मंगळवेढ्याचा. गावकुसाच्या भिंतीच्या बांधकामात ती कोसळून 1338 साली त्याचा अंत झाला, आणि त्याची समाधी पंढरपुरास महाद्वारापाशी, पायरीशी आहे. चोखोबा, सोयराबाई आणि कर्ममेळा ह्यांच्या अभंगांत शरणागती आहे, पण तिच्या शेजारी जाब विचारणेही आहे. कर्ममेळा तर देवाला हिशोबच मागतो. त्या देवळाचे दार त्यांच्या जातीच्या माणसाला 1947 साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले.

बायबलातील स्तोत्रांत ह्या जातीचा स्वर भरपूर आहे. दीडशे स्तोत्रांपैकी फार मोठा हिस्सा तक्रारीचा: किती काळ, कोठे आहेस, का झोपलास, माझे शत्रू हसताहेत. म्हणजे चोखामेळ्याचा आणि स्तोत्रकर्त्याचा सूर जुळण्यास सारे काही सिद्ध होते, तेही सोलापूरपासून दिवसभराच्या चालीवर. तरी मराठी ख्रिस्ती गीतांत तो जोड क्वचितच लागलेला दिसतो. टिळकांना पूल लाभला तो तुकोबांचा. चोखोबांच्या पायरीवरून कोणी आले असते, तर गीत कसे झाले असते?

ह्यामागे एक कारण रचनेतच दडले आहे. मराठी उपासनेत स्तोत्रसंहिता बहुधा गात नाहीत. ती आळीपाळीने वाचतात, एक ओळ पाळकांनी आणि एक मंडळीने. गद्यात. गाणे वेगळे आणि स्तोत्र वेगळे झाले. स्कॉटिश आणि अमेरिकन वारशात जे एकच होते, ते येथे दुभंगले, आणि त्या फाळणीत तक्रार गद्याकडे गेली, अनुताप गाण्याकडे. वाचलेले विसरते, गायिलेले राहते. तक्रार मंडळीच्या स्मरणात राहिली नाही, ह्याचे कारण श्रद्धेत शोधण्यापूर्वी ह्या दुभंगात शोधावे, असे आमचे मत आहे.

वर्षाचा एक दिवस ह्याला अपवाद ठरतो, आणि आम्ही ह्या लेखात सण इतके का धरून बसलो, ते येथे स्पष्ट व्हावे. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन ह्या वेळेत वधस्तंभावरील सात उद्गारांवर मनन करण्याची प्रथा आता मराठी मंडळ्यांतही रूढ आहे. तिचा उगम सतराव्या शतकाच्या अखेरीस पेरू देशातल्या लिमा शहरी, एका जेझुइटाच्या प्रेरणेने झाला. जे प्युरिटन कॅथलिकांचे पंचांग जाळावयास निघाले होते, त्यांच्या मराठी वारसांनी लिमाच्या जेझुइटाची दुपार स्वीकारली. 1970 साली उत्तर भारतातल्या निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, आणि अँग्लिकन वर्षचक्र इतरांच्या अधिक जवळ आले. तोवर पाया बराचसा घातला गेला होता. त्या सात उद्गारांपैकी दोन मूळचे स्तोत्रांतले. सातवा एकतिसाव्या स्तोत्रातला, समर्पणाचा. आणि चौथा बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ, जेथे मरणारा माणूस देवालाच विचारतो की मला का टाकलेस. त्यात अनुताप नाही, पापाची कबुली नाही. आहे तो जाब.

एप्रिलमधल्या सोलापुरात ही वेळ कशी असते, हे येथे राहिलेल्यास सांगावयास नको. पंखे गरम हवा फिरवीत असतात, बाहेर डांबर मऊ झालेले असते. प्रत्येक उद्गारानंतर एक गीत, अशी सात गीते. चौथ्या उद्गारानंतर कोणते गीत निवडतात, इकडे आम्ही अलीकडे कान लावून असतो. बहुतेकदा ते पुन्हा ‘माझ्या पापांमुळे’ ह्याच अर्थाचे असते. उद्गार जाब विचारतो आणि गीत त्याच्या वतीने माफी मागते. क्वचित कधी पेटीवाला गीताऐवजी नुसता सूर धरून ठेवतो आणि कोणीतरी बाविसावे स्तोत्र वाचू लागते, सुरावर, अर्धे गात अर्धे बोलत. ते ना धड गद्य असते ना अभंग. आमच्या मते मराठी वृत्तबद्ध स्तोत्राची खरी शक्यता तेथे आहे.

पेटीवाल्याचा विषय निघाला म्हणून एक नोंद करून थांबतो. जुन्या संग्रहांत गीताच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून त्या काळच्या एखाद्या लोकप्रिय पदाचे पहिले शब्द दिलेले असतात. नाटकातले पद, एखादी लावणी, स्त्रीगीत. ती मूळ पदे आता पुष्कळशी कोणाला येत नाहीत. गेल्या वर्षी उपासनेनंतर आम्ही एका वृद्ध गायकांना अशा एका चालीचे मूळ पद विचारले. त्यांनी चष्मा पुसला, ते शब्द दोनदा वाचले आणि म्हणाले, “हे काय गाणं होतं ते आम्हांला ठाऊक नाही. चाल मात्र हीच.” आणि त्यांनी ती तेथेच, पायरीवर उभ्या उभ्या, सबंध म्हणून दाखविली. आम्ही स्वरलिपी लिहून घेतली आहे. अशा चाली किती आहेत ह्याची मोजणी सुरू आहे. महाविद्यालयातल्या दोन विद्यार्थिनी दर रविवारी वही घेऊन सात रस्त्यावर भेटतात.